सात नंबरची चादर

१२ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

काल सकाळी मी गॅसवर पाणी चढवलं, ते तापेपर्यंत ओटा पुसला, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं आणि मग दाराआडची पिशवी उघडली. तुझे दादा जाऊन नऊ दिवस झाले होते. पिशवीत रुग्णालयातून त्यांच्या अंगावर आलेली चादर होती. विद्यापीठ रुग्णालयाच्या लॉन्ड्रीत मी तीस वर्षं काढली. तिथली वस्तू घरात पडून राहिली की माझं कशात लक्ष लागत नाही. धुवायची, इस्त्री करायची, परत नेऊन द्यायची, एवढंच डोक्यात होतं. आधी गार पाण्यात भिजवली, गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग साबण, मग थोडी नीळ. वाळल्यावर इस्त्री केली आणि हाताच्या सवयीने आमच्या पद्धतीची घडी घातली. त्या पद्धतीत वॉर्डचा आकडा बरोबर वर येतो, म्हणजे ढकलगाडीवाल्या बाईला चादर उलगडून बघावी लागत नाही.

आकडा आला सात. लाल दोऱ्यातला, माझ्याच हातचा, शेवटी दोन गाठी मारलेला.

तू दोन दिवस आलीस आणि रडून गेलीस, म्हणून तुला नीट सांगते. सात नंबर जुन्या इमारतीत आहे. ती इमारत जानेवारीत बंद झाली, दाराला तशी पाटी आहे. मंत्र्यांनी फीत कापली ती नवी इमारत समोर, आणि तिथल्या चादरी हिरव्या, त्यांवर आकडा नसतो. कागदावर लिहिलंय की तुझे दादा नव्या इमारतीत अतिदक्षता विभागात, खाट क्रमांक चारवर, सर्व उपचार करूनही गेले. मी दोन दिवस त्या विभागाच्या काचेच्या दारासमोर खुर्चीवर बसून होते. आत सोडत नव्हते. मग सातची चादर त्यांच्या अंगावर आली कुठून?

समोर अंगणापलीकडे जुनी इमारत दिसायची. सातची एक खिडकी दोन्ही दिवस उघडी होती. मी मनात म्हटलं, बंद वॉर्डची खिडकी कोणी वेंधळ्याने उघडी टाकली, धूळ जाईल आत.

तुझ्या टिंबाला विचार. तो तिथे निवासी डॉक्टर आहे, त्यानेच मला त्या खुर्चीवर बसवलं होतं. माझा फोन तो उचलत नाही. तूही फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मला एक शब्द कळत नाही. कागदावर रडलीस तरी अक्षर लागतं.

माया होती तशी राहू दे.
तुझी,
वहिनी


१९ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तुमचं ते गळकं पेन दादांबरोबरच निवृत्त करायला हवं होतं, दुसऱ्या पानावर नुसता निळा तलाव झालाय. इकडे सगळे बरे. ह्यांचा गुडघा पुन्हा सुजला आहे, तरी शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवत उभे राहतातच. मुलं त्यांना लंगडा सेनापती म्हणतात आणि त्यांना ते आवडतं.

चादरीचं एवढं मनावर घेऊ नका. चादरींची अदलाबदल होते, हे तुम्हीच मला शंभरदा सांगितलंय. एकदा बाळंतिणींच्या वॉर्डात शस्त्रक्रियेची चादर गेली म्हणून तुम्ही जेवण सोडून गेला होतात. तसंच काहीतरी असेल. दुःखात माणूस कशालाही अर्थ लावत बसतो.

टिंब फार दमलाय हो. जूनमध्ये शेवटची परीक्षा. त्याच्यावर असं संशयाने बोट ठेवू नका, तुम्हीच त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय. त्याची पहिली जाडजूड पुस्तकं दादांनी कापडी पुठ्ठ्यात बांधून दिली, ती अजून त्याच्या टेबलावर आहेत. त्या दोन दिवसांत तो तुम्हाला चहा आणून द्यायचा आणि पुन्हा अंगण ओलांडून दादांकडे धावायचा. पायाचे तुकडे पडले पोराचे.

ती चादर मुकाट्याने परत देऊन टाका. मन हलकं होईल.

थोरल्या आहात, धाकटीला सांभाळून घ्या.
तुमची नणंद


२७ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नवा विभाग माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर, काचेच्या दारामागे होता. मग दादांकडे जायला टिंबाला अंगण कशाला ओलांडावं लागत होतं? हे तू लिहून गेलीस आणि पाकीट चिकटवलंस. तुला खोटं कधी जमलं नाही. लहानपणी साखर खाऊन यायचीस आणि ओठ पुसायला विसरायचीस.

म्हणजे तुला माहीत आहे. बरं.

आता इकडची घाण ऐक. कोर्टाने चौकशी लावली आहे, निवृत्त न्यायाधीश नेमले आहेत. नव्या विभागाच्या बारा खाटांना प्राणवायूची नळी जोडलेलीच नव्हती म्हणे. फीत कापायची घाई होती, निवडणूक होती. म्हणून रोगी जुन्या सातमध्ये, केसपेपर नव्या इमारतीचे. त्या एका आठवड्यात सात माणसं गेली, सगळी कागदावर नव्या इमारतीच्या संगमरवरी फरशीवर. मी त्याच फरशीवरच्या खुर्चीत बसले होते. डीन समोरून मंत्र्यांच्या लोकांना घेऊन गेले आणि त्यांनी मला हात जोडले. त्या जोडलेल्या हातांची आठवण आली की मी साबणाने माझे हात धुते.

सोमवारी विरोधी पक्षाचे पुढारी आले. सोबत फोटोवाला. मी रडले नाही म्हणून फोटोवाला हिरमुसला. पुढाऱ्यांनी दादांच्या फोटोपुढे उभं राहून त्यांना कामगार चळवळीचे झुंजार नेते म्हटलं. मी सांगितलं, ते विद्यापीठाच्या छापखान्यात पुस्तकं बांधायचे आणि मोर्चा निघाला की घरी येऊन झोपायचे. ते त्यांनी ऐकलंच नाही. पायऱ्यांवर उपोषणाला बसा म्हणाले, मांडव घालून देतो. मी म्हटलं, आमच्यातला माणूस मेलाय, तुमच्यातला जाहिरातदार उठलाय. चहा न घेता गेले, तेवढं बरं केलं.

मंगळवारी डीनच्या कचेरीतून दोन माणसं मानपत्र घेऊन आली, माझ्या तीस वर्षांच्या निष्ठावंत सेवेबद्दल. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, निष्ठा त्यांना परवा आठवली. काचेची फ्रेम, सोबत खिळासुद्धा. बुधवारी त्याच कचेरीतून नोटीस आली की रुग्णालयाची मालमत्ता, पांढरी चादर नग एक, मी बेकायदा ताब्यात ठेवली आहे, सात दिवसांत परत करावी, नाहीतर गुन्हा. मानपत्रावर आणि नोटिशीवर सही एकच. मला ओकारी आली, खरंच आली, मोरीत जाऊन बसावं लागलं.

गुरुवारी मी चादर घेऊन लॉन्ड्रीत गेले. खिडकीतल्या कारकुनाला म्हटलं, ही घ्या आणि परतीची पावती द्या. तू हसशील, पण तो नियम माझ्या वेळचा आहे. परत आलेल्या चादरीच्या पावतीवर वॉर्डचा आकडा आणि त्या वॉर्डाच्या सिस्टरची सही लागते, नाहीतर चादर घ्यायची नाही. यावरून मी किती भांडणं केलीत! कारकुनाने वही उघडली, कोपरा पाहिला आणि त्याचं पेन थांबलं. सात लिहावं तर बंद वॉर्ड मार्चमध्ये चालू होता असं होतं. न लिहावं तर पावती होत नाही. तो वर फोन करून आला. मग वरून तीन माणसं उतरली आणि चौघं मिळून एका चादरीकडे बघत उभे. एकाने सुचवलं, वॉर्डाच्या जागी 'इतर' लिहा. माझ्या जागेवर आता बसते ती इस्त्रीवाली आतून ओरडली, इतर नावाचा वॉर्ड तिने बावीस वर्षांत पाहिला नाही. शेवटी ते म्हणाले, बाई, तूर्त तुमच्याकडेच ठेवा. मी चादर घेऊन परत आले.

निघताना इस्त्रीवालीने मला रोजची वही दाखवली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सात नंबरला रोज चोवीस चादरी गेल्या आहेत. केसपेपर बदलले, नोंदी बदलल्या, लॉन्ड्रीची वही कोणाला आठवली नाही. मोठ्या माणसांना चादर आपोआप धुतली जाते असं वाटतं.

माझी साक्ष अकरा एप्रिलला आहे. मी जाणार. टिंबाला सांग, त्याआधी मला लिही.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.
तुझी,
वहिनी


२ एप्रिल

ती. मामींस,
शि. सा. न. वि. वि.

आईने तुमचं पत्र वाचून दाखवलं. मला तोंड दाखवायची हिंमत नाही, म्हणून लिहितो.

मामा सातमध्येच होते. खिडकीजवळची खाट. डीननी आम्हा सगळ्या निवासी डॉक्टरांना बोलावून सांगितलं होतं की नातेवाईक एकजात नव्या इमारतीत बसतील, जुन्या इमारतीत एकही दिसला तर ज्याचा रोगी त्याने परीक्षा विसरायची. लेखी काही नाही. मी तुम्हाला त्या खुर्चीवर बसवलं, मामा आत आहेत म्हणालो. केसपेपरवर खाट क्रमांक चार मीच लिहिलं. अक्षर माझं आहे.

सातमध्ये एकच सिलेंडर होता, तो तीन खाटांमध्ये फिरवत होतो. मामांना गुदमरायचं, म्हणून त्यांनी खिडकी उघडायला लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना जरा बरं वाटलं. उशीला टेकून बसवलं. त्यांना समोरच्या काचेतून तुम्ही दिसलात. म्हणाले, ती बघ, तुझी मामी, पुस्तक उलटं धरून बसलीय, म्हणजे वाचत नाहीये. मग म्हणाले, तिला इकडे बोलाव. मी हो म्हटलं. त्यांनी तुमच्याकडे बघून हात वर केला. तुम्ही खाली बघत होतात.

मी अंगणापर्यंत आलो. तिथे मंत्र्यांच्या गाड्या होत्या, डीन उभे होते. मी परत फिरलो. पाऊण तासाने मामा गेले.

एक सांगायचं आहे. नेण्यासाठी हिरवी चादर पाठवली होती. मी ती घातली नाही, सातचीच राहू दिली. मला माहीत होतं, तुम्ही कोपरा बघाल. तोंडाने सांगता येत नव्हतं.

तुम्ही म्हणाल ते करीन. फक्त आईला दोष देऊ नका, तिला मी नंतर सांगितलं.

माफी मागायचीही लायकी नसलेला,
टिंब


५ एप्रिल

चि. टिंबास,
अनेक आशीर्वाद. ते काही मी परत घेत नाही.

तुझं पत्र वाचून मी कपाट आवरायला घेतलं, कारण हाताला काहीतरी हवं होतं. वरच्या खणात मामांचे फर्मे निघाले. तुला आठवतात? छपाईत बिघडलेली सोळा-सोळा पानं ते घरी आणायचे आणि मला त्यावर वाचायला शिकवायचे. म्हणून मला पुष्कळ पुस्तकं मधूनच माहीत आहेत, सुरुवात नाही, शेवट नाही. कायद्याच्या पुस्तकाचा एकच फर्मा आहे, पान सतरा ते बत्तीस. साक्षीदाराने काय करावं ते त्यात आहे. जे स्वतः पाहिलं, जे स्वतः ऐकलं, तेवढंच सांगावं आणि तेवढं सगळं सांगावं. खोटं सांगितलं तर काय होतं ते तेहेतिसाव्या पानावर असणार, ते आमच्याकडे नाही. मला त्याची गरजही नाही.

मी काय ऐकलं? "मामी, इथे बसा, मामा आत आहेत." आवाज तुझा. मला विचारतील, आणि मी सांगेन. मला काही आठवेनासं होणार नाही.

त्या डीनची मला किळस येते, मंत्र्याची येते, फोटोवाल्या पुढाऱ्याची येते. ती सोपी आहे, रस्त्यावरच्या गटाराची येते तशी. तुझी येते तेव्हा मात्र मला जेवण जात नाही, कारण तुझं नाक मी पुसलंय. तुला भीती वाटली, हे मला समजतं. हो म्हणून अंगणातून परत फिरलास, ते समजत नाही.

चादर मुद्दाम राहू दिलीस म्हणतोस. खरं असेल. किंवा आता सुचलं असेल. मी ठरवू शकत नाही आणि सध्या ठरवतही नाही.

अकराला तू कुठे असावंस, ते मी सांगणार नाही. सांगून केलंस तर ते पुन्हा कोणाचा तरी हुकूम पाळल्यासारखंच होईल.

वेळेवर खात जा. परीक्षेचा अभ्यास चालू ठेव, काहीही झालं तरी.
तुझी,
मामी


८ एप्रिल

वहिनी,

नमस्काराचा मायना लिहायला हात होत नाही.

दादा माझेही होते. तुम्ही घरात आलात त्याआधी नऊ वर्षं माझे होते. ते आता परत येणार नाहीत, तुम्ही न्यायाधीशांपुढे उभ्या राहिलात तरी नाहीत आणि नाही राहिलात तरी नाहीत. पण माझा मुलगा जिवंत आहे आणि तो सात वर्षं राबलाय. डीन सुटतील, मंत्री सुटतील, ज्याचं अक्षर आहे तो अडकेल. हे तुम्हाला तुमच्या फाटक्या पुस्तकांत कुठे वाचायला मिळालं नाही का?

एवढंच म्हणा की कोणीतरी डॉक्टर होता, चेहरा आठवत नाही. दुःखात होतात, कोणी शंका घेणार नाही. एवढं एक वाक्य मागते आहे.

स्वतःचं मूल असतं तर

हे खोडलंय, पण तुम्ही खोडलेलं आधी वाचता, मला ठाऊक आहे. लिहायला नको होतं. तरी पान बदलत नाही.

तुम्ही त्याचं नाव घेतलंत तर माझ्या दारात येऊ नका.
नणंद


१४ एप्रिल

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तू वाचशील की नाही ते माहीत नाही. न वाचता ठेव हवं तर, पण फाडू नकोस. टिंबाचं काय झालं ते दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिते.

चौकशी विद्यापीठाच्या परीक्षा विभागातल्या खोलीत भरते. लांब टेबल, मागे फळा, फळ्यावर कोणीतरी गणित अर्धवट सोडलेलं. रुग्णालयाचे वकील तीन. त्यातल्या थोरल्याने मला विचारलं, चादर चोरीची आहे हे मान्य आहे का. मी म्हटलं, मी परत द्यायला गेले होते, पावती मिळाली नाही. न्यायाधीश म्हणाले, का? मी पावतीचा नियम सांगितला, चार माणसं आणि 'इतर' वॉर्ड सांगितला. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मग चादर उलगडायला सांगितली. वकील म्हणाला, बाईंनी चादर धुतली आहे, पुरावा गेला. ते खरं आहे. डाग मीच घालवले, गार पाण्यात, स्वतःच्या हाताने. तीस वर्षांच्या सवयीने. ते आठवून मी रोज स्वतःला शिव्या देते. पण आकडा दोऱ्याचा आहे, तो धुतला जात नाही. इस्त्रीवालीने वही आणली होती. रोजच्या चोवीस चादरी मोठ्याने वाचल्या गेल्या. डीन तेव्हा पाणी पीत होते, ते पीतच राहिले.

मग न्यायाधीशांनी विचारलं, रोगी नव्या इमारतीत आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं.

तुझं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, वन्सं. तुझ्यासाठी मी पाठ करून गेले होते, हे तुला सांगते. कोणीतरी डॉक्टर होता, चेहरा आठवत नाही. तोंड उघडलं तर मला ती खिडकी दिसली आणि वर केलेला हात. मी सांगितलं, माझ्या नणंदेच्या मुलाने.

तो हजर आहे का, त्यांनी विचारलं. शेवटच्या बाकावर तो उठला. सकाळपासून तिथे होता, मी मागे वळून पाहिलंच नव्हतं. पांढरा कोट हातावर घडी घालून धरला होता. चालत पुढे आला आणि सगळं सांगितलं, सिलेंडर, हुकूम, खाट क्रमांक चार. डीनकडे बोट दाखवून सांगितलं. थोरल्या वकिलाने त्याला तासभर फाडलं. एकदा रडला, पण शब्द बदलला नाही. त्याच्यामागून आणखी दोन निवासी डॉक्टर उठले.

त्याला निलंबित केलंय. जूनची परीक्षा जाणार. पुढचं मला माहीत नाही, आणि सगळं ठीक होईल असं मी लिहिणार नाही. तू म्हणालीस ते कदाचित खरं होईल, मोठे सुटतील. बाहेर पायऱ्यांवर पुढारी घोषणा देत होते आणि माझ्या नवऱ्याचं नाव त्यांनी चुकीचं घेतलं. डीनची गाडी मागच्या दाराने निघाली.

टिंब माझ्याबरोबर घरी आला. दोन घास खाल्ले आणि मामांच्या खुर्चीत झोपला. चादरीचं मी त्याला अजून विचारलेलं नाही. माझी किळस गेलेली नाही, पण त्याच्या अंगावर पांघरूण घातलं. दोन्ही गोष्टी एकाच हाताने होतात, हे मला या वयात कळलं. तो तुझ्याकडे येतो आहे. दार उघड. माझ्यासाठी उघडायची गरज नाही.

न्यायाधीशांनी सात नंबर पाहणीसाठी उघडायला लावला आहे. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले. खिडकीजवळच्या खाटेशेजारी स्टूल घेतलं आणि खिडकी उघडली. समोर काचेमागे माझी खुर्ची दिसत होती. भेटीची वेळ चारपर्यंत असते. मी चारपर्यंत बसले.

तू माझ्यावर रागाव, पण परकं मानू नकोस.
तुझी,
वहिनी